मार्थाचं भांडण

मला इंग्रजी चांगलं येतं. फुशारकी मारत नाही, नुसती माहिती देतेय. आमच्या अकरावीच्या वर्गात कुणाचं स्पेलिंग अडलं की माना माझ्याकडे वळतात. पाठांतर तर असं की गेली दोन वर्षं शाळेच्या प्रत्येक इंग्रजी नाटकात मी प्रॉम्प्टर होते. प्रॉम्प्टर म्हणजे जिला सगळ्यांचे संवाद पाठ असतात आणि एकही बोलायला मिळत नाही ती. पडद्यामागे उभं राहायचं आणि पुढे झगमगणारं कुणी अडखळलं की हळूच शब्द पुरवायचा.

कारण काय, तर माझं इंग्रजी बरोबर असलं तरी सुरतेतल्या पांडेसऱ्याचं, म्हणजे आमच्या गिरणवस्तीचं, वाटतं. तोंडावर असं कुणी म्हणत नाही. आमच्या इंग्रजीच्या पारुल मॅम म्हणतात, "धनश्री, तुझा आवाज जरा मोकळा आहे." मोकळा आवाज म्हणजे काय, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. पप्पा पांडेसऱ्याला कपडा रंगवायच्या मिलमध्ये आहेत. मम्मी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच लूमचा कारखाना आहे आणि त्याचा खडखडाट दिवसभर चालू असतो. तिथे हळू बोलणारा माणूस उपाशीच राहील.

या वर्षी ब्रिटिश साहित्याच्या भागात एक जुनी एकांकिका होती. इंग्लंडच्या उत्तरेकडचं गाव, मधून एक अरुंद नदी, अलीकडे मार्था, पलीकडे ॲग्नेस हेल. दोघी विधवा. रोज सकाळी कपडे धुवायला काठावर येतात आणि एकमेकींवर तुटून पडतात. बदकांवरून, उसन्या नेलेल्या किटलीवरून, कशावरूनही. शेवटच्या पानावर ॲग्नेस कायमची शहरात मुलाकडे राहायला निघते. त्या दिवशी मार्था शिवी देत नाही. ती म्हणते, "गुड मॉर्निंग, मिसेस हेल. आय विश यू अ प्लेझंट जर्नी." संपली एकांकिका.

गाईडात लिहिलं होतं की ही दोन भांडकुदळ बायांची गोष्ट असून शेवटी वैरावर सभ्यतेचा विजय होतो. पारुल मॅमनी ते वाचून दाखवलं आणि पाठाखालचा प्रश्न फळ्यावर लिहिला. मार्थाच्या वागण्यात शेवटी कोणता चांगला बदल होतो?

मी उभी राहिले. "मॅम, या दोघी भांडतच नाहीयेत."

मॅमनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझी बदकं तुझ्यासारखीच फुकटचं खाऊन फुगली आहेत, असं ॲग्नेस म्हणते. हे काय लाडानं म्हणते?"

"हो मॅम. त्या बार खेळतायत."

वर्गात हशा पिकला. सुरतेतल्या मुलांना बार म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नाही, म्हणून मी सांगितलं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. मम्मीच्या गावी मधून नाला आहे. त्या दिवशी अलीकडच्या बाया अलीकडे आणि पलीकडच्या पलीकडे उभ्या राहतात आणि एकमेकींचा मनसोक्त उद्धार करतात. हातवारे करून, गाण्यात, तालात. त्याला बार म्हणतात. संध्याकाळी त्याच बाया एका झोक्यावर बसतात. मनात कुणी काही ठेवत नाही. आता मम्मीला गाव सुटलं, नाला सुटला, पण समोरच्या इमारतीत वत्सलामावशी आहे. ती आमच्याच बाजूची. मग दर आखाजीला दोघी आपापल्या गॅलरीत उभ्या राहतात.

"ओ सरले, तुन्हा वरनमा दाय कमी आन पानी जास्त!" वत्सलामावशी सुरू करते.

"तुन्ही भाकर देखीसन कुत्रं बी मांगे सरकस!" मम्मी परत करते.

पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरचे बिहारी काका भांडण सोडवायला धावत वर आले होते. आता ते खुर्ची टाकून बसतात.

मी एवढं सगळं सांगितलं. मॅम म्हणाल्या, "छान आहे. पण ॲग्नेस धुळे जिल्ह्यातली नव्हती."

वर्ग पुन्हा हसला. मला राग आला, आणि मला राग आला की माझा आवाज आणखीच मोकळा होतो. "मॅम, भांडणात कुणी समोरच्याचं संपेपर्यंत थांबतं का?"

यावर मात्र मॅम हसल्या नाहीत. त्यांची हीच गोष्ट मला आवडते. त्या म्हणाल्या, "पाठातून दाखव. शनिवारी ध्रुवीबरोबर हा प्रवेश करून दाखव. मला पटलं, तर डिसेंबरमध्ये नानपुऱ्याच्या आंतरशालेय स्पर्धेत मार्था तू. नाही पटलं तर..."

"पडद्यामागे," मी म्हणाले.

"पडद्यामागे," मॅम म्हणाल्या.

ध्रुवी जरीवाला ही माझी बाकावरची जोडीदार. मूळची सुरती, गोपीपुऱ्याची. इंग्रजी असं बोलते की टीव्हीवरची बातम्या देणारी वाटावी. आमची मैत्री म्हणजे ती न विचारता माझा डबा उघडते आणि मी तिला कंपासपेटीनं मारते. आम्ही गुजराती, हिंदी आणि इंग्रजीची भेळ करून बोलतो. इथे मी ते मराठीत लिहितेय.

घरी जाऊन मी पाठ उघडला आणि पेन्सिल घेऊन बसले. पुरावे भराभर सापडायला लागले. प्रत्येक शिवीनंतर कंसात लिहिलेलं होतं, ती थांबते. मार्था बोलली की ॲग्नेस थांबते, ॲग्नेस बोलली की मार्था थांबते. पूर्ण एकांकिकेत कुणी कुणाचं वाक्य तोडत नाही. पुढे एके दिवशी मार्था काठावर येत नाही. ताप आलेला असतो. तर ॲग्नेस पलीकडून ओरडते, "मेलीस का?" आणि मार्था अंथरुणातून ओरडते, "तुझ्याआधी नाही!" आता हे वैर असेल तर मग माया कशाला म्हणायचं? शिवाय गावचा पाद्री येतो तेव्हा दोघी त्याच्याशी मधाळ बोलतात, आणि तो दोघींना डोळ्यांसमोर नको असतो.

मी खूश होते. फक्त शेवटचं पान माझ्या विरोधात होतं. बारात गोड कोण बोलतं? ॲग्नेस जाणार म्हटल्यावर मार्थानं खरं तर आयुष्यातली सगळ्यात जबरदस्त शिवी द्यायला हवी होती. ती "गुड मॉर्निंग, मिसेस हेल" का म्हणते? मॅम नेमकं तिथेच बोट ठेवणार हे मला दिसत होतं. पण म्हटलं, आधी सराव करू, मग बघू.

सराव आम्ही मधल्या सुट्टीत वरच्या मजल्यावर, वॉटर कूलरजवळ केला. ध्रुवीचे उच्चार सुंदर, पण शिव्या ती औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तशा वाचायची. दोनतीनदा सांगून पाहिलं. मग मला वाटलं, हिला तापवल्याशिवाय ही पेटणार नाही. मी पुस्तक खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवला आणि मम्मीच्या सुरात सुरू केलं. "ए ध्रुवी, तुझ्या डब्यातलं शाक कावळ्यानं खाल्लं तर तो थेट दवाखान्यात जाईल! इंग्रजी बोलतेस का तोंडात बर्फ धरतेस? घरी तरी असंच बोलतेस, की तिथे वेगळंच तोंड आहे?"

पाणी प्यायला आलेल्या मुली खो खो हसल्या. मी थांबले. आता तिची पाळी होती. मी अगदी उत्सुकतेनं थांबले होते. ध्रुवीनं पुस्तक मिटून कूलरवर ठेवलं, तिचे डोळे भरून आले आणि ती चालती झाली. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, हिला सुचत नाहीये. बार अर्धवट टाकून जाणं हा आमच्याकडे खरा अपमान, त्यामुळे उलट मीच थोडी फुगून बसले.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "गुड मॉर्निंग, धनश्री. कॅन आय प्लीज हॅव माय बुक बॅक?"

मी पुस्तक दिलं. "थँक यू सो मच," ती म्हणाली.

माझा डबा तिनं उघडला नाही. माझं कोपर तिच्या वहीवर गेलं तर ढकललं नाही, "एक्सक्यूज मी" म्हणाली. दिवसभर असं. त्या "थँक यू"नं जे लागलं, तसं मला कधी कुणाच्या शिवीनं लागलं नव्हतं. शेवटच्या तासाआधी मॅमनी मला बोलावलं. ध्रुवीनं माझ्याबरोबर प्रवेश करायला नकार दिला होता. कारण काही नाही म्हणे, फक्त नको. "एकटीनं दोघींचं भांडण करता येणार नाही, धनश्री," मॅम म्हणाल्या. "उद्यापर्यंत बघ."

घरी आल्यावर मला रडू फुटलं. मम्मी साडीवर टिकल्या लावत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हातातलं काम काही थांबवलं नाही.

"तिले बार माहीत नही, आन तू एकलीच खेयनी," ती म्हणाली. "मंग ते भांडनच व्हयनं ना!"

"मी गमतीनं बोलले गं."

"तुले माहीत, तिले थोडंच माहीत? जाय, तिन्हा घर जाय."

शाळेत "चूक कबूल कर" म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मम्मीनं फक्त बसचा नंबर विचारला. मी तशीच निघाले.

गोपीपुऱ्यातलं ध्रुवीचं घर जुनं आणि उंच, दाराशी ओटा. ओट्यावर तिचे दादा, म्हणजे आजोबा, सदऱ्यात बसले होते. मला बघून ते म्हणाले, "आवो बेन, बेसो बेन." मग आत वळून खास सुरती आवाजात ओरडले, "ए अक्कलमठी! तारी बेनपणी आवी छे, पाणी लाव, हाली गधेडी!" बेनपणी म्हणजे मैत्रीण, अक्कलमठी म्हणजे बिनडोक, आणि हाली म्हणजे साली, कारण अस्सल सुरती माणूस स चा ह करतो.

ध्रुवी पाणी घेऊन आली ती लाल होऊन. तेवढ्यात दादांचा फोन वाजला. पलीकडे सोसायटीचा सेक्रेटरी होता. दादा एकदम लोण्यासारखे झाले. "जी साहेब, आपनी मेहरबानी, जी साहेब." फोन ठेवला आणि म्हणाले, "एना जेवो लुच्चो आखा सुरतमां नथी." मग ध्रुवीच्या डोक्यावर टपली मारली, तिचा सुटलेला केस कानामागे सारला आणि आणखी एक शिवी घातली, जी मी लिहीत नाही.

मला हसू आवरेना. ध्रुवीनं मला ओढत जिन्यात नेलं.

"हस," ती म्हणाली. "म्हणूनच मी कुणाला घरी आणत नाही. काल तू सगळ्यांसमोर विचारलंस, घरी वेगळं तोंड आहे का. मला वाटलं, तुला माहीत आहे. सगळ्यांना कळलं."

मी आपलं तोंडाला येईल ते बोलले होते, आणि नेमका तोच दगड तिच्या काचेला लागला होता. "आईशप्पथ, मला काही माहीत नव्हतं," मी म्हणाले. "आमच्याकडे तर हे सणाला करतात." मग मी तिला सगळं पुन्हा सांगितलं. मम्मी, वत्सलामावशी, खुर्ची टाकून बसलेले बिहारी काका. ती हसली नाही, पण ऐकत होती.

"एक सांग," मी विचारलं. "दादांनी त्या सेक्रेटरीला शिवी का नाही दिली?"

"त्याला कशाला देतील? तो काय घरचा आहे?"

बोलून गेली आणि ती स्वतःच थांबली. मीही थांबले. दोघींच्या डोक्यात एकच पान आलं होतं, पण मला आधी दुसरं विचारायचं होतं. "मग तू आज सकाळपासून माझ्याशी इतकी गोड का बोलतेयस?"

ती जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाली, "कारण मी ठरवलं होतं की तू माझी कोणी नाहीस."

असं कुणी सरळ सांगितलं की लागतं. पण त्याच क्षणी मला मार्था कळली.

"मार्थानं पण तेच ठरवलं?" ध्रुवीनं विचारलं.

"तिला ठरवावं लागलं. शिवी दिली तर उत्तरासाठी थांबावं लागतं. उद्या सकाळी पलीकडे उत्तर द्यायला कुणी नसणार. गोड बोललं की थांबावं लागत नाही."

"म्हणजे ती शेवटी सुधारत नाही."

"ती शेवटी रडते, फक्त तोंडानं गुड मॉर्निंग म्हणते."

ध्रुवीनं माझ्या दप्तरातून पुस्तक ओढून काढलं. विचारलं नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आम्ही जिन्यातच शेवटचं पान उघडलं आणि तिनंच बोट ठेवलं. मार्थाच्या त्या गोड वाक्यानंतर कंसात लिहिलं होतं, ॲग्नेस थांबते. मग जाते. एवढे दिवस ते शब्द आम्हा दोघींच्या नजरेतून सुटले होते. गाईडात तर ते छापलेच नव्हते.

निघताना दादा ओट्यावरच होते. आता त्यांनी बेन म्हटलं नाही. घरच्यासारखी शिवी घालून परत यायला सांगितलं, "पाछी आवजे, हाली नंग!"

शनिवारी वर्गात दोन रांगांमधली मोकळी जागा ही नदी. मी खिडकीकडे, ध्रुवी दाराकडे. फळ्यावर मॅमनी पाठाखालचा तोच प्रश्न पुन्हा लिहिला होता. सुरू करायच्या आधी मॅम म्हणाल्या, "थांबण्याचं पटतंय मला. पाद्र्याचंही. पण शेवटचं पान, धनश्री?"

"बघा मॅम," मी म्हणाले. सांगण्यापेक्षा करून दाखवणं मला जास्त जमतं.

मी कमरेवर हात ठेवला आणि पांडेसऱ्याच्या आवाजात मार्था झाले. आवाज दाबला नाही. लूमच्या खडखडाटावरून पलीकडच्या गॅलरीत पोचणारा आवाज नदीवरून पोचायला काय अडचण होती! ध्रुवीनं पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली. तिचे उच्चार तेच, बातम्यांवाले, पण सूर गोपीपुऱ्याच्या ओट्यावरचा. बदकांच्या शिवीला तिनं हात असा फिरवला की पहिल्या बाकावरच्या मुली मागे सरकल्या. वर्ग हसत होता, पण या वेळी माझ्यावर नाही. हळूहळू त्यांनाही ताल कळला. एकीची शिवी संपली की सगळे दुसरीकडे मान वळवायचे. "मेलीस का?"ला हसू आलं. "तुझ्याआधी नाही!"ला टाळ्या पडल्या.

मग ॲग्नेस बोचकं घेऊन आली. बोचकं म्हणजे ध्रुवीचं दप्तर. ती काठावर येऊन उभी राहिली. वर्ग माझ्याकडे वळला. सगळे खुशीत होते, त्यांना मोठी शिवी हवी होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात ध्रुवीचा चेहरा दिसला. ती खरोखरच वाट बघत होती. मी हात कमरेवरून खाली घेतला, झगा नीट करावा तसा ड्रेस नीट केला आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, मिसेस हेल. आय विश यू अ प्लेझंट जर्नी."

ध्रुवी थांबली. एवढं थांबायचं आमचं ठरलं नव्हतं. ती तशीच उभी, दप्तर छातीशी धरून, माझ्या तोंडाकडे बघत. कुणी हसलं नाही. आणि मधल्या बाकांवरून कुणीतरी काकुळतीला येऊन म्हणालं, "अरे, एक गाळ तो दे एने!"

अगं, एक शिवी तरी दे तिला. मी दिली नाही. ध्रुवी वळली आणि दाराबाहेर गेली.

पारुल मॅमनी टेबलावरचं गाईड उचलून पर्समध्ये टाकलं, फळ्याजवळ जाऊन तो प्रश्न पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "प्रॉम्प्टर दुसरी शोधावी लागेल."

"मॅम, परीक्षेत काय लिहायचं?" पुढच्या बाकावरून एकीनं काळजीनं विचारलं.

"पेपर मी तपासणार आहे," मॅम म्हणाल्या.

मी धावत बाहेर गेले. ध्रुवी वॉटर कूलरजवळ, जिथे मी तिला रडवलं होतं तिथेच, ओढणीनं नाक पुसत उभी होती. मला वाटलं, आता ही गुड मॉर्निंग म्हणते की काय. तिनं दप्तर माझ्या अंगावर फेकलं.

"हाली अक्कलमठी! मने रडावी नाखी!"

पाणी प्यायला आलेल्या मुली बघायला लागल्या. मी कमरेवर हात ठेवला आणि तिचं संपेपर्यंत थांबले.